पोर्टलमध्ये नाव टाकायच्या आधी हे वाचा: कॉलेज फुटबॉल ट्रान्सफर आणि खेळायची पात्रता

आमच्याकडे येणाऱ्या आई-बाबांसाठी आणि खेळणाऱ्या मुलांसाठी

नमस्कार मंडळी, हे पत्रक अमेरिकेत डिव्हिजन वनच्या वरच्या गटात फुटबॉल (हेल्मेटवालं फुटबॉल, सॉकर नव्हे) खेळणाऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे, जानेवारी २०२६ च्या विंडोपर्यंतचे (विंडो म्हणजे कॉलेज बदलायला नाव टाकायची ठरलेली मुदत) नियम धरून लिहिलंय. आमचं काम एवढंच, ट्रान्स्क्रिप्ट तपासायचं आणि नव्या कॉलेजात त्यातली किती क्रेडिट्स डिग्रीत धरली जातील ते सांगायचं. आम्ही एजंट नाही, कोचशी बोलणी करत नाही, टीममध्ये जागा मिळवून देत नाही.

"एक वर्ष बसावं लागेल का हो?"

फोन आला की पहिला प्रश्न हाच, आणि विचारणं साहजिक आहे, कारण कित्येक वर्षं नियम तसाच होता. कॉलेज बदललं की फुटबॉलवाल्याला एक अख्खा सीझन बाहेर बसायला लागायचं. बेकर मेफिल्ड टेक्सस टेकमधून ओक्लाहोमाला गेला तेव्हा २०१४ चा सीझन असाच बसून काढला. जो बरो मात्र २०१८ मध्ये ओहायो स्टेट सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेला आणि लगेच खेळला, कारण त्याची डिग्री पूर्ण झाली होती आणि ग्रॅज्युएट झालेल्यांना तेव्हाही सूट होती. म्हणजे बघा, तेव्हासुद्धा खरी चावी अभ्यासातच होती.

ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं, २०२१ मध्ये एकदा न बसता कॉलेज बदलायची मुभा सगळ्या खेळांना मिळाली, मग डिसेंबर २०२३ मध्ये ओहायो आणि इतर राज्यांनी एनसीएएवर (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) केलेल्या केसमध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टाने दुसऱ्या-तिसऱ्या ट्रान्सफरवरची बंदीही थांबवली, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने स्वतःच नियम बदलला. आता कितीही वेळा बदला, बसायला लागत नाही.

पण! अभ्यासाच्या अटी आहेत आणि त्या लोक वाचतच नाहीत. जुन्या कॉलेजमधून निघताना शैक्षणिक रेकॉर्ड चांगलं हवं, शिस्तभंगाचं सस्पेन्शन नको, आणि नव्या कॉलेजात "डिग्रीकडे प्रगती" दिसायला हवी. सगळं अडतं ते या शेवटच्या अटीवर.

डिग्रीकडे प्रगती म्हणजे काय

मुळातला हिशोब ४०-६०-८० चा. दुसरं वर्ष संपताना डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण, तिसरं संपताना ६०, चौथं संपताना ८०. आता नीट वाचा: हे टक्के नव्या कॉलेजच्या, नव्या डिग्रीचे मोजतात. मुलाने किती क्रेडिट्स कमावली याला महत्त्व नाही, त्यातली किती त्या डिग्रीत बसतात याला आहे.

उदाहरण घ्या. तीन वर्षं झालेल्या मुलाकडे ८० क्रेडिट्स आहेत, घरचे खूश, १२० च्या डिग्रीत दोन तृतीयांश झालं की. नवं कॉलेज ८० च्या ८० स्वीकारतं, पत्रही छान येतं, पण त्याने निवडलेल्या मेजरमध्ये (डिग्रीचा मुख्य विषय) त्यातली फक्त ५२ लागू होतात, बाकीची नुसती कागदावर राहतात. ५२ म्हणजे ४३ टक्के, लागतात ६०. मुलगा ॲडमिट झाला, टीमबरोबर प्रॅक्टिसही करेल, पण शनिवारी मॅचला मैदानात उतरता येणार नाही. आम्हाला हे सांगायचा प्रसंग आला की खरंच पोटात तुटतं, कारण तोपर्यंत जुनी जागा गेलेली असते आणि हेच महिनाभर आधी एका बैठकीत कळलं असतं. कधीकधी मेजर थोडा बदलला, नाहीतर उन्हाळ्यात दोन कोर्स केले की गणित जुळतं, फक्त त्याला वेळ हातात लागतो.

याशिवाय प्रत्येक टर्मला किमान ६ क्रेडिट्स, आणि फुटबॉलवाल्यांना फॉल टर्ममध्ये ९. ती ९ नाही झाली तर पुढच्या सीझनच्या पहिल्या चार मॅचेस जाऊ शकतात, सीझन चालू असताना अभ्यास मागे पडतो तो इथे असा अंगावर येतो.

विंडो

आधी हिवाळ्यात आणि वसंतात अशा दोन विंडो होत्या, आता वसंतातली बंद केलीये. २०२६ ची एकच, २ ते १६ जानेवारी. हेड कोच गेला तर वेगळी १५ दिवसांची विंडो मिळते, ती नवा कोच जाहीर झाल्यावर पाच दिवसांनी उघडते. विंडोत फक्त नाव टाकायचं असतं, नवं कॉलेज त्याच दिवसात ठरायला हवं असं नाही. मुलाने कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात ना ते बघणारं ऑफिस) लेखी कळवायचं, त्यांनी दोन कामाच्या दिवसांत नाव टाकायचं, परवानगी कोणाची लागत नाही. नाव पडायच्या आधी दुसऱ्या कॉलेजच्या कोचने मुलाशी संपर्क करणं नियमाबाहेर आहे, कोणी "आत्ताच हो म्हण" असं मेसेज करत असेल तर सावध राहा.

आणि हे तर ठळक अक्षरात वाचा: नाव टाकलं की जुनं कॉलेज ती टर्म संपल्यावर स्कॉलरशिप बंद करू शकतं. मन बदललं म्हणून परत घेतीलच असं नाही. जून २०२५ च्या हाऊस सेटलमेंटनंतर (एनसीएएवरच्या एका केसमधली तडजोड) त्यात सामील झालेल्या कॉलेजांची टीम १०५ जणांपुरतीच आहे, त्यामुळे जागा आधीसारख्या सैल राहिलेल्या नाहीत, वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये असलेल्या) मुलांना तर फारच जपून पावलं टाकायला हवीत.

व्हिसावाल्यांसाठी

आपल्या लोकांत हा प्रश्न हमखास येतो. मुलगा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असेल तर जुन्या कॉलेजने त्याचं सेव्हिस रेकॉर्ड (सरकारी यंत्रणेतली विद्यार्थ्याची नोंद) नव्या कॉलेजकडे सोडायला हवं आणि नवीन आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) हवा, हे काम कोच करत नाही, इंटरनॅशनल ऑफिस करतं. एच-४ (आई-बाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) वर असेल तर २१ वर्षं पूर्ण व्हायच्या आत स्टेटस बदलायला लागतं, ती तारीख आणि ट्रान्सफरची तारीख एकमेकांवर आदळू देऊ नका. एच-४ वरच्या मुलांना काम करायची परवानगी नसते, म्हणून एनआयएलच्या (खेळाडूचं नाव-चेहरा वापरल्याबद्दल मिळणाऱ्या) पैशांच्या कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, आम्ही त्यात सल्ला देत नाही.

आमच्याकडे येताना

सगळ्या कॉलेजांची ट्रान्स्क्रिप्ट आणा, हायस्कूलमध्ये घेतलेली एपी आणि ड्युअल क्रेडिट्स धरून, शिवाय प्रत्येक कोर्सचा सिलॅबस (नुसतं नाव बघून "हा कोर्स चालणार नाही" म्हणून परत आलेले कोर्स सिलॅबस दाखवल्यावर धरले गेलेत), आणि मनात असलेल्या दोन-तीन कॉलेजांची व मेजरची नावं. नोव्हेंबरमध्ये या, डिसेंबरच्या शेवटी नको, सुट्ट्यांत रजिस्ट्रारच्या ऑफिसात फोन उचलायला कोणी नसतं. मुलाला बरोबर आणाच, कारण कम्प्लायन्स ऑफिसकडून लेखी उत्तर त्यालाच मागायचंय.