राउटिंगची पार्श्वभूमी : दिल्या शब्दावर चालणारे मार्ग

संगणकांच्या जाळ्यात माहितीची वाट ठरवणे म्हणजे 'राउटिंग'; पण हा शब्द दोन वेगळ्या कामांसाठी सर्रास वापरला जातो. हाती आलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, कोणत्या पत्त्याकडे कुठून जायचे याचा तक्ता पाहून पुढे धाडणे हे एक काम; त्याचे खरे नाव फॉरवर्डिंग. तो तक्ता मुळात कोणाचे ऐकून भरायचा, हे दुसरे. वाद आणि चुका झाल्या त्या बहुतेक या दुसऱ्या कामात.

१९६९ च्या पहिल्या जाळ्यात, म्हणजे अर्पानेटमध्ये, प्रत्येक यंत्र आपले अंतराचे अंदाज फक्त शेजाऱ्यांना सांगे. १९७९ मध्ये ते बदलले : आपल्या जोडण्यांची स्थिती सर्वांना कळवायची आणि पूर्ण नकाशा ज्याने त्याने मांडायचा. हे काम करणाऱ्या यंत्राला, म्हणजे राउटरला, त्या काळी 'गेटवे' म्हणत. 'डिफॉल्ट गेटवे' हे नाव तिथूनच उरले आहे.

पुढे जाळ्यांचे मालक अनेक झाले आणि पेच पडला. प्रतिस्पर्ध्यांना आपला नकाशा कोण दाखवणार? १९८० च्या दशकातला पहिला आंतर-जाळे प्रोटोकॉल (जाळ्यांनी आपापसात मार्ग सांगण्याचे नियम) एकच मध्यवर्ती कणा गृहीत धरून बेतलेला होता. जाळी एकमेकांशी आडवीतिडवी जोडली जाऊ लागली तसा तो अपुरा पडला. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिनमधल्या एका बैठकीत जेवताना दोन अभियंत्यांनी कागदी रुमालांवर नवा आराखडा काढला आणि जूनमध्ये तो बीजीपी (बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल) या नावाने प्रसिद्ध झाला. त्याची युक्ती देखणी होती : मार्गाबरोबर तो कोणकोणत्या जाळ्यांतून आला त्यांचे क्रमांक पाठवायचे, यादीत आपलाच क्रमांक दिसला तर मार्ग नाकारायचा. पॅकेट गोलगोल फिरण्याचा धोका त्यामुळे टळला. हाती आलेल्या मार्गांपैकी कोणता निवडायचा, हे मात्र अंतरापेक्षा मालकांमधले व्यापारी करार ठरवतात.

'हे पत्ते माझ्याकडे आहेत' असे एखाद्या जाळ्याने सांगितले, तर ते खरे का, हे तपासायची सोय या आराखड्यात ठेवलीच नाही. सहभागी जाळी थोडी आणि ओळखीची होती, निकड मोठी होती, ही बाजू समजण्यासारखी आहे. पण १९९४-९५ मध्ये बीजीपीची चौथी आवृत्ती आली तेव्हा व्यापारी इंटरनेट दारात उभे होते. तेव्हाही पडताळणी बाहेरच राहिली, आणि ती टाळाटाळ महागात पडली.

एप्रिल १९९७ मध्ये एका लहान जाळ्याच्या राउटरने हजारो मार्ग तुकडे करून स्वतःच्या नावे जाहीर केले आणि मोठी वाहतूक तिकडे ओढली गेली. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानात देशापुरते बंद करायचे व्हिडिओ संकेतस्थळ सुमारे दोन तास जगभर दिसेनासे झाले. मूळ मालकाने १,०२४ पत्त्यांचा गट जाहीर केला होता, तर देशांतर्गत बंदीसाठी केलेली २५६ पत्त्यांची घोषणा बाहेर निसटली. राउटर नेहमी अधिक नेमका, म्हणजे लहान गटाचा, मार्ग घेतात, म्हणून खोटा मार्ग जिंकला. राउटर नियमाबरहुकूमच वागत होते.

पत्त्यांचा हक्क सहीने सिद्ध करायची चौकट २०१२ मध्ये मानकात आली आणि अलीकडे ती बरीच पसरली आहे. ती फक्त उगम तपासते. उगम खरा ठेवून मधला रस्ता खोटा सांगितला, तर ती काही बोलत नाही. संपूर्ण मार्गावर सह्या घेण्याचे मानक २०१७ मध्ये आले. प्रत्यक्ष राउटरांवर ते जवळजवळ कुठेच चालत नाही.