चाल उरते, साज जातो: अपुऱ्या चित्रपटसंगीतामागची पार्श्वभूमी

१४ जुलै १९७५ रोजी संगीतकार मदन मोहन गेले तेव्हा ‘लैला मजनू’चं संगीत पुरं झालेलं नव्हतं. उरलेली गाणी आणि पार्श्वसंगीत जयदेव यांनी केलं आणि चित्रपट १९७६ साली आला. ‘मौसम’ची गाणी तयार होती, त्यामुळे तिथे फक्त पार्श्वसंगीताची बाजू सलील चौधरींनी सांभाळली. घरी टेपवर पडून असलेल्या, कुठेच न वापरलेल्या चाली मात्र तशाच राहिल्या. मुलगा संजीव कोहली यांनी त्या काढल्या, जावेद अख्तर यांनी त्यांवर नवे शब्द लिहिले आणि २००४ च्या ‘वीर-झारा’त त्या लोकांपर्यंत पोचल्या. अर्धं काम दुसऱ्याने पुरं करणं, गाणी तशीच ठेवून भोवतालचं संगीत देणं आणि चालीवर नवं गाणं उभं करणं ही तीन वेगळी कामं आहेत. बोलताना मात्र तिन्हींना सरसकट ‘अपुरं काम पूर्ण केलं’ म्हणतात.

संगीतकार गुलाम मोहम्मद यांचं प्रकरण चौथ्याच प्रकारचं. ‘पाकीज़ा’चं काम १९५०च्या दशकात सुरू झालं आणि चित्रपट आला फेब्रुवारी १९७२ मध्ये. संगीतकार त्याआधीच, १९६८ साली गेले होते. पार्श्वसंगीत आणि त्यात विणलेल्या ठुमऱ्या नौशाद यांच्या. मधल्या काळात लोकांची आवड बदलली होती, तरी दिग्दर्शक कमाल अमरोहींनी जुनी गाणी बदलली नाहीत. चित्रपटात न बसलेली गाणी १९७७ मध्ये ‘पाकीज़ा रंग बरंग’ या एलपीवर (लाँग-प्ले तबकडीवर) निघाली. ती पूर्ण ध्वनिमुद्रित होती, त्यामुळे कुणाला काही रचावं लागलं नाही. पुनरुज्जीवनाचा इतका सोपा प्रसंग फार क्वचित येतो.

एरवी अडचण कुठे येते हे मुंबईतल्या कामाच्या वाटणीवरून कळतं. हॉलिवूडचा संगीतकार बहुधा तीन-चार ओळींचं पेन्सिलचं स्केच करायचा, कुठलं वाद्य कुठे हे त्यातच टिपून ठेवायचा, आणि ऑर्केस्ट्रेटर त्यावरून पूर्ण स्वरलेखन करायचा. मॅक्स स्टायनर यांच्या ‘किंग काँग’चं (१९३३) संगीत अनेक दशकांनी पुन्हा उभं राहिलं ते अशाच कागदांवरून. आपल्याकडे सिटिंगमध्ये, म्हणजे चाल बसवण्याच्या बैठकीत, चाल पेटीवर बांधली जायची. मुखडा, अंतरा, त्यातल्या जागा सगळं गळ्यात. सुरुवातीचा आणि मधला म्युझिक पीस, व्हायोलिनचे काउंटर (मुख्य चालीच्या जोडीने वाजणाऱ्या सुरावटी), फिलर (ओळींमधली जागा भरणारे तुकडे) हा सगळा साज अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बसवणारा, पाश्चात्त्य स्वरलेखनात लिहायचा. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, मास्टर सोनिक ही त्यातली मोठी नावं. वादकांसाठी उतरवलेले ते पार्ट्स टेक झाला की कामाचे राहत नसत, ते जपून ठेवायची शिस्तही नव्हती. त्यामुळे चाल उरते आणि साज जातो. (कागद असले म्हणजे सगळं टिकतंच असं नाही. एमजीएम स्टुडिओने आपलं संगीताचं दप्तर भरावात टाकलं, आणि पुढे तिथेही लोकांना चित्रपट ऐकून कानाने स्वर लिहावे लागले.)

म्हणून आपल्याकडे अशी चाल पुन्हा उभी करताना पहिलं काम टेपचं. टेपचा स्पूल (रीळ) उजेडासमोर धरायचा: कडेने प्रकाश आरपार दिसला तर पट्टी अ‍ॅसिटेटची, नाही दिसला तर बहुधा पॉलिएस्टरची. अ‍ॅसिटेट कोरडी पडते, तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो आणि ती कट्कन तुटते. पॉलिएस्टर ताणली जाते. १९७०नंतरच्या काही पॉलिएस्टर टेपांचा लेप दमट हवेत चिकट होतो आणि वाजवताना यंत्राच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) सुटून येतो. त्यांना साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला आठेक तास कोरडी ऊब देतात आणि लगेच पुढच्या काही दिवसांत डिजिटल प्रतीत उतरवून घेतात. ही ऊब अ‍ॅसिटेटला दिली तर टेप कायमची गेली. उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आणि पहिली प्रत कोणतीही सफाई न करता. खरखर काढण्याच्या नादात श्वास आणि हलक्या मुरक्या पुसल्या जातात, आणि चालीची ओळख नेमकी त्यांतच असते.

वेगाचा घोळ याहून फसवा. टेप चार टक्के जलद वाजली तर सूर जवळजवळ दोन-तृतीयांश अर्धस्वर चढतो. काळी एकची (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरलेली) चाल तिच्या लगतच्या पांढरी दोनच्या दारात जाऊन उभी राहते आणि ऐकणारा ती पांढरी दोनच मानून बसतो. टेपवरची विजेची घरघर ५० हर्ट्झची धरून वेग तपासता येतो, पण आपल्याकडे विजेची वारंवारता स्वतःच खाली-वर व्हायची. म्हणून त्याच पेटीचं दुसरं एखादं ध्वनिमुद्रण मिळालं तर त्याच्याशी ताडून पाहणं जास्त भरवशाचं. बॅटरीवरचा रेकॉर्डर मुद्रण करताना दमत गेला असेल तर वाजवताना सूर हळूहळू चढत जातो. तिथे एकच दुरुस्ती सबंध टेपला चालत नाही.

मग चाल. टेपवर बहुधा मुखडाच असतो, तोही तीन-चार तऱ्हांनी म्हटलेला, डमी (नुसते चाल धरायला घातलेल्या) शब्दांवर. यातली पक्की तऱ्ह कोणती? शेवटची असेलच असं नाही. ‘मौसम’मधल्या ‘दिल ढूँढता है’साठी मदन मोहन यांनी एकाहून अधिक चाली बांधल्या होत्या, आणि तेव्हा बाजूला राहिलेल्या चालीचं पुढे ‘वीर-झारा’तलं ‘तेरे लिए’ झालं. अंतरा नसेल तर तो रचणाऱ्याने आधी मुखड्यावर परतायची जागा शोधावी. वर तार सप्तकात काय करायचं ते त्या परतीवरून ठरतं. उलट केलं तर अंतरा वेगळ्याच गाण्याचा वाटतो. गीतकाराला डमी शब्दांचं मीटर मात्रा मोजून द्यावं लागतं, नाहीतर खटका (स्वराला दिलेला झटका) येतो त्या स्वराखाली लांब अक्षर येतं. संगीतकार काळी एकला गात असेल आणि गायिकेला काळी चार हवी असेल, तर बासरी बदलते, सतार-सारंगी नव्याने लावावी लागते, आणि मंद्रातल्या ज्या जागेवर चालीचा जीव होता ती उजळ होऊन बसते. हे नुकसान टाळता येत नाही, फक्त कमी करता येतं.

आणखी एक तपासणी बरेचजण विसरतात. नाकारलेली चाल संगीतकार फेकून देत नसे, दुसऱ्या निर्मात्याला ऐकवायचा. ‘अप्रकाशित’ म्हणून हाती आलेली चाल एखाद्या पडलेल्या चित्रपटात आधीच वाजून गेलेली असू शकते. ७८ आरपीएमच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आतलं गाणं बसायचं, त्यामुळे कधी तबकडीवर नसलेला अंतरा चित्रपटाच्या प्रतीत सापडतो. तेव्हा नवा रचण्याआधी तिथे बघावं.

हक्कांचा इतिहास यात गुंता वाढवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘सांगीतिक कृती’ म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांत उतरवलेली रचना. गळ्यातली आणि टेपवरची चाल त्या व्याख्येत धड बसत नव्हती, आणि आपल्याकडे तर बहुतेक चाली तशाच. १९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची अट गेली. मुदत संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, पण हयातीत प्रकाशित न झालेल्या रचनेची साठ वर्षं ती प्रथम प्रकाशित झाल्यापासून मोजतात. त्यामुळे एकाच संगीतकाराच्या गाजलेल्या गाण्याचा आणि मागे सापडलेल्या चालीचा हक्क वेगवेगळ्या वर्षी संपतो. त्या चालीला जोडलेला नवा अंतरा ज्याचा, त्याची मुदत आणखी वेगळी.