वल्ली पन्नी, वाळली साल

महिनाभरात तोच व्हिडिओ मला चार ग्रुपवर आला. विमानतळासारख्या चकचकीत जागी एक डबा उभा आहे. माणूस त्यात बाटली टाकतो, आत काहीतरी गर्रकन फिरतं आणि बाटली बरोबर आपल्या कप्प्यात जाऊन पडते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘एआय कचरापेटी! आता कचरा वेगळा करायची गरजच नाही!’ चौथ्या वेळी तो आमच्या सरपंचांनी पाठवला आणि सोबत विचारलं, “सर, आपल्या गावात असा एखादा बसवता येईन का?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. तसला डबा आमच्या नववीच्या पोरांनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बनवला होता, आणि तिथं त्याची जी फजिती झाली तिच्यात अर्धा वाटा माझा होता.

आमचं गाव वरुड तालुक्यातलं. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री घरोघर असतात, त्यामुळे प्रयोगाला सालींचा तोटा नव्हता. डब्याच्या झाकणावर अल्ट्रासोनिक सेन्सर होता. तो वटवाघळासारखा ४० किलोहर्ट्‌झचा आवाज सोडतो, प्रतिध्वनी मोजतो आणि हात जवळ आला की झाकण उघडतो. बघणारे यालाच सगळ्यात जास्त टाळ्या देतात आणि कचरा ओळखण्याशी याचा काडीचा संबंध नसतो. खरं काम आतल्या ताटलीवर चालतं. ताटलीखाली दोन सेन्सर, एक धातूचा, एक ओलाव्याचा. ते काय म्हणतात ते अर्डुइनो नावाचा तळहाताएवढा संगणक-बोर्ड ऐकतो आणि सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी मोटर, ताटली कलती करून वस्तू योग्य कप्प्यात लोटते.

ताटली आधी पत्र्याची केली होती. धातूच्या सेन्सरचा दिवा विझेचना. पोरं म्हणाली, सेन्सर खराब आला. तो बिचारा ताटलीच ओळखत होता. मग जुन्या टिफिनचं प्लास्टिकचं झाकण लावलं. त्यानंतर मोटरचे दात गेले. ही छोटी निळी सर्व्हो ९ ग्रॅमची असते, तिचा जोर १.८ किलो-सेंटिमीटर. म्हणजे १० सेंटिमीटर लांब ताटलीच्या टोकाला जेमतेम १८० ग्रॅम. कोणीतरी कोहळ्याचा अख्खा काप ठेवून पाहिला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी ताज्या संत्र्याची साल टाकली, ओल्या कप्प्यात गेली. खिळा धातूच्या कप्प्यात, वहीचा कागद सुक्यात. पोरांच्या छात्या फुगल्या. मग एका पालकाने खिशातून खर्ऱ्याची, म्हणजे चुना घालून घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, आतून ओलसर अशी रिकामी प्लास्टिकची पन्नी काढली (शाळेच्या आवारात खर्रा कुठून आला, ते विचारू नका) आणि ताटलीवर टाकली. ओल्या कप्प्यात! घोटभर पाणी उरलेली प्लास्टिकची बाटली, तीही ओल्यात. शेवटी एका पोरीने खिडकीत आठवडाभर पडलेली संत्र्याची साल आणून टाकली. ती सुक्यात.

“सर, पन्नी वल्ली अन् साल सुकी, असं कसं म्हनते हे?”

सेन्सरच्या बाजूने सांगायचं तर त्याने एकदाही चूक केली नव्हती.

धातूचा सेन्सर चटकन उरकतो, कारण माझा जीव दुसऱ्यात आहे. त्याच्या टोकाशी एक वेटोळं असतं, त्यातून वेगाने दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं. समोर धातू आला की धातूत एडी करंट म्हणतात ते भोवऱ्यासारखे प्रवाह उमटतात, वेटोळ्याची ऊर्जा खातात, आणि सेन्सरला कळतं. आमचा सेन्सर लोखंड ४ मिलीमीटरवरून ओळखतो, ॲल्युमिनियम त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावरून. चिप्सच्या चकाकत्या पाकिटाने मात्र त्याला फसवलं. त्या पाकिटातला ॲल्युमिनियमचा थर तीस-चाळीस नॅनोमीटरच्या आसपासच असतो, स्वयंपाकघरातल्या फॉइलपेक्षा शेकडो पटींनी पातळ. प्रवाहाला फिरायला तिथं वाटच पुरत नाही.

आता ओलाव्याचा सेन्सर. मोटारपंपाचा कंडेन्सर उडाला की आपण वायरमनला बोलावतो. आमचा सेन्सर म्हणजे तसाच एक कंडेन्सर, पुस्तकातलं धारित्र. दोन पट्ट्या समोरासमोर, मध्ये वीज न वाहू देणारं काहीतरी. पट्ट्यांवर किती विद्युतभार साठेल हे मधल्या पदार्थावर अवलंबून असतं, आणि आमच्या सेन्सरसाठी मधला पदार्थ म्हणजे ताटलीवरची वस्तू. मध्ये काहीच नसेल तर जेवढा भार साठतो, त्याच्या कितीपट भार तो पदार्थ घातल्यावर साठेल, त्या आकड्याला परावैद्युत स्थिरांक म्हणतात. हवेचा जवळपास १. प्लास्टिकचा २ ते ३. कोरड्या कागदाचा २ ते ४. काचेचा साधारण ५ ते १०. आणि पाण्याचा ८०.

हा ८० मला इतक्या वर्षांनीही शिळा वाटत नाही. त्याचं मूळ पाण्याच्या रेणूच्या आकारात आहे. ऑक्सिजनचं डोकं आणि त्यावर हायड्रोजनची दोन शिंगं, शिंगांमधला कोन १०४.५ अंश. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून डोक्याची बाजू किंचित ऋण आणि शिंगांची बाजू किंचित धन. ही शिंगं सरळ रेषेत, एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असती तर दोन्हीकडची ओढ एकमेकांना मारून गेली असती आणि पाणीही तेलासारखंच मख्ख राहिलं असतं. कोन आहे म्हणून रेणूला तोंड आहे. विद्युतक्षेत्र लावलं की अब्जावधी रेणू पोळ्याच्या तोरणाखालच्या बैलांसारखे एका दिशेला तोंड करू लागतात. पूर्ण नाही, थोडेसेच. उष्णतेची ढकलाढकली त्यांना पुन्हा विस्कटत असते. म्हणून ०° सेल्सिअसला पाण्याचा स्थिरांक ८८ असतो, २०° ला ८०, आणि आपल्या मे महिन्यातल्या ४५° ला साधारण ७१.

तेलाच्या रेणूंना असं ठळक तोंड नसतं. खाद्यतेलाचा स्थिरांक ३ च्या आसपास. भज्यांचा तेलाने थबथबलेला कागद पोरांनी ताटलीवर ठेवला तेव्हा सेन्सरने तो सुका ठरवला, आणि बोटं चाटत उभ्या असलेल्या पोरांना ते काही केल्या पटेना. हाताला लागतो तो ओलेपणा वेगळा, सेन्सरला दिसतो तो वेगळा.

अजून एक बारकावा आहे, तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. रेणूंना तोंड फिरवायला वेळ लागतो. क्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा उलटसुलट झालं तर ते मागे पडू लागतात आणि त्या धडपडीत पाणी तापतं. मायक्रोवेव्ह ओव्हन तो हाच. आपल्या सेन्सरची दोलनं त्याहून कितीतरी संथ, म्हणून मोकळं पाणी सहज साथ देतं. पण वाळत आलेल्या सालीत उरलेलं पाणी मोकळं नसतं. ते सालीच्या पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिन आणि सेल्युलोजला चिकटून बसलेलं असतं, त्याला तोंड फिरवता येत नाही. पाणी आहे, तरी हजेरी लागत नाही.

आणि फट! साल उलटी पडली, वाटीसारखी, तर तिच्या आणि सेन्सरच्या मध्ये हवा राहते. एकापुढे एक लावलेल्या दोन धारित्रांत जो लहान तोच भारी ठरतो. इथं जाडीला स्थिरांकाने भागायचं: १ मिलीमीटर हवेचे होतात १, आणि ८० मिलीमीटर पाण्याचेही १. म्हणजे सेन्सरच्या लेखी मिलीमीटरभर फट ही ८० मिलीमीटर पाण्याइतकी जाड भिंत. एकच ताजी साल सुलटी पडली तर ओली, उलटी पडली तर सुकी, हे आम्ही दोन दिवस भूत लागल्यासारखं बघत होतो. इथवर येताना कोणी वाटेत गळलं असेल तर एवढंच धरून ठेवा: हा सेन्सर कचरा ओळखत नाही, जवळ मोकळं पाणी आहे की नाही एवढंच सांगतो.

पाणी ओळखण्यावरून आठवलं. वरुड-मोर्शीकडे भूजल खोल गेलंय, आणि बोअर मारण्याआधी पाणी पाहणाऱ्याला बोलावणं अजून चालू आहे. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो वावरात फिरतो, नारळ उभा झाला की ‘इथं मारा’. ज्या नारळाच्या पोटात स्वतःचंच पेलाभर पाणी आहे, तो शेकडो फूट खालचं पाणी ओळखणार! आमचा सेन्सर, ज्याच्यामागे भौतिकशास्त्र आहे, तोही मिलीमीटरभर हवेने आंधळा होतो. नारळ फिरतो तो हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालींनी. बोअर कोरडं गेलं की मात्र दोष मशीनवाल्याचा.

तर घोळ कुठं झाला? शब्दात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितलं: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. आपण लोकांना सोपं जावं म्हणून कुजणाऱ्याला ‘ओला’ म्हटलं आणि न कुजणाऱ्याला ‘सुका’. माणसाला हे चालतं, त्याला मधला अर्थ कळतो. पोरांनी आणि मी तो शब्द जसाच्या तसा यंत्राला दिला. तुरीच्या शेंगांची टरफलं, कडुनिंबाचा पालापाचोळा, भाकरीचा वाळका तुकडा, पऱ्हाटीच्या काड्या हे सगळं कडकडीत कोरडं आणि सगळं कुजणारं. पावसात भिजलेली पन्नी चिंब, आणि ती माझ्या नातवापर्यंत कुजणार नाही. त्यातून आपल्याकडचं हवामान असं की मे महिन्यात सकाळची साल दुपारपर्यंत सुकी होते आणि श्रावणात अख्खं गावच ओलं.

मग कॅमेरा लावा, एआय लावा, असं म्हणणारे असतातच. लावा, पण ते कशावर शिकलंय ते विचारा. अशा प्रयोगांत फार वापरला जाणारा ट्रॅशनेट हा फोटोसंग्रह २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी केला. २५२७ फोटो, सहा वर्ग: काच, कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, धातू आणि उरलेला कचरा. वस्तू पांढऱ्या पाठीवर एकेकटी ठेवून फोटो काढलेले. त्यांच्या कामाला तो उत्तम आहे. पण कुजणाऱ्या कचऱ्याचा त्यात वेगळा वर्गच नाही. चुन्याने बरबटलेली, चुरगाळलेली पन्नी तो कशात घालणार?

मोठ्या कारखान्यांत अवरक्त प्रकाश टाकून प्लास्टिकच्या जाती ओळखतात. रेणूंतले बंध ठरावीक तरंगलांबी गिळतात, त्यावरून. तिथंही काळं प्लास्टिक अडतं, कारण त्यातली काजळी सगळाच प्रकाश पिऊन टाकते. आमच्या बागांत जिकडेतिकडे ठिबकच्या काळ्या नळ्या आणि कलमांच्या काळ्या पिशव्या.

शिवाय ही सगळी यंत्रं एका वेळी एक वस्तू मागतात. गावात कोणी एक साल घेऊन डब्यापर्यंत चालत येत नाही. पन्नीत सालं, सालींत चहापत्ती, चहापत्तीत बिडीचं थोटूक, आणि वरून गाठ मारलेली. ती गाठ सोडणारं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही.

सरपंचांना मी हे सगळं लिहिलं नाही. एवढंच कळवलं की घंटागाडीत मधोमध एक फळी ठोका, आणि उकिरड्यावर जाणाऱ्या टोपल्यात पन्नी दिसली की टोपलं परत करा. पूर्वी उकिरड्यात सगळं कुजणारंच असायचं, म्हणून निवडायची पाळी कोणावर आली नव्हती. आता शेणखताच्या बंडीबरोबर पन्नी वावरात जाते आणि डवऱ्याच्या फासात गुंडाळून वर येते. गाय जिभेने वेढा घालून घास ओढते, त्यात पन्नीही जाते. शेळी ओठांनी एकेक पान निवडते. प्रदर्शनातून परत आल्यावर मैदानात ठेवलेल्या आमच्या डब्यात एका शेळीने तोंड घातलं होतं. वाळलेल्या सालीही तिने खाल्ल्या, पन्नी तशीच ठेवली.

डबा आता प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आहे, मोटर काढून घेतली. ओलाव्याचा सेन्सर मात्र त्याच पोरीने मागून नेला आणि शाळेच्या प्लास्टिकच्या टाकीला बाहेरून, काठाच्या चार बोटं खाली, चिकटपट्टीने घट्ट बसवला, मध्ये फट राहू न देता. पाणी तिथवर चढलं की भिंतीपलीकडून सेन्सरला कळतं आणि रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारं बटण, पंपाची मोटर बंद करतो. उन्हाळाभर टाकी एकदाही वाहिली नाही.