उमेदवारांचा पोशाखखर्च आणि लोकमत : गोवा

निवडणुकीच्या काळात उमेदवाराच्या अंगावरचे कपडे, पादत्राणे, घड्याळ, केशभूषा यांवर होणारा खर्च आणि तो लोकांच्या नजरेस आल्यावर उमटणारी प्रतिक्रिया हा या नोंदीचा विषय आहे. हा खर्च उमेदवार स्वतः करतो, कधी पक्ष करतो, कधी एखादा धनिक हितचिंतक करतो. कार्यकर्त्यांना वाटल्या जाणाऱ्या टोप्या आणि गळ्यातले पट्टे ही निराळी बाब असून कायद्यानेही तिचा निराळा विचार केला आहे.

गोव्यात हा विषय फार जवळून पाहिला जातो, कारण इथले मतदारसंघ लहान आहेत. विधानसभेच्या 40 जागा आणि 2022 साली सुमारे साडेअकरा लाख मतदार, म्हणजे एका जागेमागे सरासरी 29 हजार. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. तिथे मतदाराला उमेदवार व्यासपीठावर किंवा फलकावर दिसतो. पेडणे, सत्तरी, फोंडा या भागांत तो दारात येतो, सोप्यावर बसतो, घरातल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, चहा घेतो. सासष्टीत तो बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, टेकून गप्पा मारतो. सदऱ्याचा कपडा, मनगटावरचे घड्याळ, दाराबाहेर काढलेल्या चपला हे सगळे हातभर अंतरावरून दिसते आणि उमेदवार वाडा ओलांडायच्या आत त्यावर बोलणे सुरू होते. निकालही थोडक्या मतांचे असतात. 2022 मध्ये साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत 666 मतांनी निवडून आले, पणजीचा निकाल 716 मतांनी लागला, सांत आंद्रेचा अवघ्या 76 मतांनी. अशा लढतीत दहा-बारा घरांचे मत फिरले तरी फरक पडतो, म्हणून अंगावर काय घालावे याचा विचार उमेदवाराला करावाच लागतो.

त्यात गोव्याचा प्रचार एकाच दिवसात अनेक रीतिरिवाजांतून फिरतो. सकाळी जत्रेत देवदर्शन असते आणि काही देवळांच्या गर्भागारात सोवळे किंवा धोतर नेसल्याशिवाय जाता येत नाही. दुपारी कुठल्या तरी चर्चचे फेस्त, म्हणजे सण असतो. संध्याकाळी ख्रिस्ती कुटुंबातले लग्न किंवा अंत्यविधी असला तर तिथे सूट अपेक्षित असतो, आणि रात्री कोपरा बैठकीला पुन्हा साधा सदरा. तेव्हा कपडे अनेक असणे हा इथे बडेजाव मानला जात नाही. उलट अंत्यविधीला चुरगळलेला सदरा घालून आलेला उमेदवार त्या घराचा मान न राखणारा ठरतो. बाहेरून आलेल्या पत्रकारांना ‘साधेपणा हवा’ एवढेच ऐकू येते. प्रसंगाचे भान हवे, ही त्याच मतदाराची दुसरी मागणी त्यांच्या नजरेतून सुटते.

या संवेदनशीलतेला गोव्यात जुना इतिहास आहे. पोर्तुगीज राजवटीत पोशाख हा सत्तेचा प्रांत होता. 1736 साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काढलेल्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती झालेल्या स्थानिक पुरुषांनी पुडवें (धोतर) आणि स्त्रियांनी चोळी वापरू नये, असे बजावले होते. कपडा बदलला की माणूस कुणाच्या बाजूचा हे ठरत असे. पुढे गावगाड्यात भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) हे अंतरही अंगावरच्या वस्त्रावरून ओळखू येई. त्यामुळे मतपेटी आली तेव्हा गोमंतकीय मतदार कपडे वाचायला शिकलेलाच होता.

तरीही 9 डिसेंबर 1963 च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीने दाखवले की श्रीमंती ही आपोआप अडचण होत नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते, धनवान होते, आणि हे सर्वांना ठाऊक होते. त्यांच्या पक्षाचा पाया मात्र कुळांत, मुंडकारांत, बहुजन समाजात होता. भाऊंच्या पैशाबद्दल लोकांत कुजबूज होण्याऐवजी त्यांच्या सढळ हाताच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, आणि आजही मराठी भाषक घरांत त्या सांगितल्या जातात. पैसा त्यांचा स्वतःचा होता, तो कुठून आला हे उघड होते आणि त्यांच्या सरकारने 1964 मध्ये कूळवहिवाटीचा कायदा आणला. या तीन गोष्टी एकत्र असल्यावर अंगावरच्या कपड्याची किंमत कुणी विचारत नाही.

मनोहर पर्रीकरांनी दुसरे टोक उभे केले. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेला अभियंता, 2000 साली प्रथम मुख्यमंत्री, 2014 ते 2017 देशाचा संरक्षणमंत्री, आणि या सगळ्या काळात अर्ध्या बाह्यांचा सदरा, विजार आणि साध्या चपला ही त्यांची ओळख राहिली. दिल्लीत त्याचे कौतुकही झाले आणि पदाला शोभत नाही अशी टीकाही झाली. गोव्यात ‘भाई’ असेच आहेत, यावर लोकांचा विश्वास होता, कारण आमदार होण्याआधीपासून ते तसेच दिसत आले होते. 17 मार्च 2019 रोजी ते गेले. त्यानंतर इथल्या प्रत्येक उमेदवाराच्या साधेपणाला त्यांचीच फूटपट्टी लावली जाऊ लागली आणि निवडणुकीपुरता साधा सदरा चढवणारा माणूस या फूटपट्टीवर फार लवकर उघडा पडतो. मते मागायला चपला आणि एरवी परदेशी बूट, ही विसंगती गोव्यातल्या मतदाराला महागड्या कपड्यापेक्षा जास्त बोचते. हे बोचणे योग्यच आहे, कारण त्यात मतदाराला भोळा समजले गेलेले असते.

पर्रीकर संरक्षणमंत्री असतानाच देशात पोशाखावरचा सर्वांत गाजलेला वाद झाला. जानेवारी 2015 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांच्या भेटीवेळी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी स्वतःच्या नावाच्या बारीक अक्षरांच्या उभ्या रेघा असलेला सूट घातला. तो भेट मिळालेला होता. फेब्रुवारीत सुरतेत त्याचा लिलाव होऊन 4.31 कोटी रुपये आले आणि ते गंगा स्वच्छतेसाठी देण्यात आले. एप्रिलमध्ये राहुल गांधी यांनी लोकसभेत ‘सूट-बूट की सरकार’ हा शब्दप्रयोग केला आणि तो टिकला. सप्टेंबर 2022 मध्ये भारत जोडो यात्रेत राहुल गांधींच्या अंगावरच्या टी-शर्टची किंमत 41,257 रुपये असल्याचे सांगत भारतीय जनता पक्षाने परतफेड केली. दोन्ही वेळा गोव्यातल्या घराघरांत आणि तिठ्यांवर चर्चा झाली. या दोन्ही प्रसंगांत शब्द आणि वस्त्र यांतला विरोध पकडला गेला होता. एकाने स्वतःला चहावाला म्हणवले होते, दुसरा सामान्यांसोबत पायी चालत होता.

पोशाखखर्चाचा प्रश्न हिशेबाच्या अंगाने पुढे आला तो अमेरिकेत. 2008 च्या अध्यक्षीय निवडणुकीत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या कपड्यांवर रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने सुमारे दीड लाख डॉलर खर्च केल्याचे ऑक्टोबरमध्ये उघड झाले. उंची दालनांत झालेली ही खरेदी पक्षानेच दाखल केलेल्या हिशेबातून बाहेर आली. आर्थिक मंदीने लोकांच्या नोकऱ्या आणि घरे जात होती आणि पेलिन स्वतःला खेळाच्या मैदानावर मुलांना सोडणारी साधी आई म्हणून लोकांपुढे मांडत होत्या. हे कपडे धर्मादाय कामाला दिले जातील, असे प्रचारयंत्रणेने सांगितले; बोलणे थांबले नाही. अमेरिकी नियमांनुसार प्रचाराच्या देणग्यांतून उमेदवाराचे कपडे घेता येत नाहीत, घोषणा छापलेल्या टी-शर्ट-टोप्यांसारख्या किरकोळ वस्तूंचा अपवाद सोडून. पण ही बंदी उमेदवाराच्या निधीवर आहे, पक्षाच्या समितीवर नाही, या कारणाने तिथल्या निवडणूक आयोगाने 2009 मध्ये तक्रार निकालात काढली. त्या वेळच्या विनिमय दराने दीड लाख डॉलर म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या आसपास. गोव्यात लोकसभेच्या उमेदवाराला साऱ्या प्रचारासाठी मिळून आज जेवढी मुभा आहे, जवळपास तेवढी रक्कम.

ब्रिटनमध्ये 2024 साली असाच प्रश्न उठला. मजूर पक्षाचे नेते कीर स्टार्मर यांनी एका धनिक पक्षसहकाऱ्याकडून 16,200 पौंडांचे कपडे आणि 2,485 पौंडांचे चष्मे स्वीकारल्याचे नोंदवले होते. निवडणूक जिंकल्यावर वृद्धांच्या हिवाळी अनुदानाला कात्री लावताना हीच नोंद लोकांच्या डोळ्यांवर आली. सप्टेंबरमध्ये त्यांनी यापुढे कपड्यांची भेट घेणार नाही, असे जाहीर केले.

गोव्यासाठी या दोन्ही उदाहरणांचे मोल वेगळे आहे. तिथे लोकांना राग आला, कारण त्यांना आकडा कळला. इथे आकडा कळण्याची सोयच नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 77 नुसार उमेदवाराने अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च मांडायचा असतो आणि कलम 78 नुसार निकालानंतर 30 दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. हिशेब न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. जानेवारी 2022 पासून गोव्यात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा विधानसभेसाठी 28 लाख आणि लोकसभेसाठी 75 लाख रुपये आहे. हिशेबाच्या तक्त्यांत सभा, वाहने, प्रचारसाहित्य, जाहिराती, कार्यकर्ते यांचे रकाने असतात. उमेदवाराच्या अंगावरच्या कपड्यांचा रकाना नसतो. अर्ज भरण्याआधी शिवून घेतलेले दहा सदरे किंवा घेतलेल्या वीस साड्या या हिशेबात दिसत नाहीत.

कार्यकर्त्यांच्या बाबतीत मात्र निवडणूक आयोग काटेकोर आहे. टोपी, मुखवटा, गळ्यातला पट्टा वापरता येतो, पण तो उमेदवाराच्या खर्चात धरावा लागतो. साडी, सदरा असे मुख्य वस्त्र वाटता येत नाही. ती मतदाराला दिलेली लाच ठरू शकते. गरीब मतदाराला मिळालेल्या साडीवर आयोगाची नजर आहे, पण उमेदवाराला कुणीतरी घेऊन दिलेल्या सुटाचा कागद कुठेही नाही, ही तफावत प्रस्तुत लेखकाला अन्यायाची वाटते.

पक्षाच्या खर्चावर तर मर्यादाच नाही. 2022 च्या विधानसभा निवडणुकीत तृणमूल काँग्रेसने गोव्यात 47.54 कोटी रुपये खर्च केल्याचे आयोगाला दिलेल्या विवरणात दिसले. भारतीय जनता पक्षाचा आकडा 17.75 कोटी होता. तृणमूलला एकही जागा मिळाली नाही. निवडणुकीआधी काही महिने राज्यात आलेल्या पक्षाचे भव्य फलक रस्तोरस्ती लागले तेव्हाच ‘एवढा पैसा कुठून?’ हा प्रश्न लोक विचारत होते. कपड्यांबद्दल विचारला जाणारा प्रश्नही शेवटी हाच असतो. ‘आमचो मनीस’ म्हणून ज्याला घरात घ्यायचे, त्याच्या पाठीशी कोण उभे आहे हे मतदाराला जाणून घ्यायचे असते, आणि अंगावरचा कपडा ही त्याला मिळणारी सर्वांत जवळची खूण असते.

या चर्चेचा भार स्त्री उमेदवारांवर जास्त पडतो, आणि ही त्यातली वाईट बाजू आहे. पुरुषाला पांढरा सदरा किंवा झब्बा हा तयार गणवेश आहे; तोच कपडा रोज घातला तरी कुणी मोजत नाही. स्त्रीने तीच साडी दोनदा नेसली तर ती दिसते, भारी साडी नेसली तर ‘हिला काय कमी आहे’ असे म्हटले जाते, साधी नेसली तर ‘मतांसाठी नाटक’ म्हटले जाते, दागिने घातले तरी बोल लागतो आणि गळा मोकळा ठेवला तरी. शशिकला काकोडकर 1973 मध्ये मुख्यमंत्री झाल्या, म्हणजे गोव्याला स्त्रीच्या हाती सत्ता नवी नाही. तरी 40 जणांच्या विधानसभेत स्त्रिया आजवर बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या आहेत. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने दक्षिण गोव्यातून पल्लवी धेंपे यांना उभे केले, तेव्हा प्रतिज्ञापत्रातल्या शेकडो कोटींच्या मालमत्तेमुळे त्या देशातल्या सर्वांत श्रीमंत उमेदवारांत गणल्या गेल्या. त्या 13,535 मतांनी हरल्या. या पराभवाचे कारण श्रीमंतीत शोधण्याची घाई करू नये. दक्षिण गोव्याच्या मतांची गणिते जुनी आणि गुंतागुंतीची आहेत. मालमत्ता प्रतिज्ञापत्रात जाहीर असल्याने निदान चर्चा कागदावर आधारलेली झाली, हे मोलाचे.

इथल्या कुणबी साडीचा वापर याच संदर्भात पाहावा लागतो. लाल चौकड्यांची ही हातमागाची साडी कष्टकरी कुणबी आणि गावडा स्त्रियांची. फॅशनकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. आता नेत्यांच्या खांद्यावर त्याच चौकड्यांचा शेला येतो. आदिवासी भागांत त्याचे स्वागतही होते आणि वनहक्काच्या दाव्यांचे काय झाले, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारला जातो.

उमेदवाराने आपल्या वस्तू किती जाहीर कराव्यात, यावर सर्वोच्च न्यायालयाने 9 एप्रिल 2024 रोजी अरुणाचल प्रदेशातील तेझू मतदारसंघाच्या खटल्यात निर्णय दिला. कपडे, बूट, भांडी, लेखनसाहित्य, फर्निचर अशी प्रत्येक जंगम वस्तू प्रतिज्ञापत्रात लिहिण्याची गरज नाही. पण तिची किंमत स्वतःच मोठ्या मालमत्तेएवढी असेल किंवा तिच्यातून उमेदवाराची राहणी उघड होत असेल, तर ती लिहिली पाहिजे. न्यायालयाने घड्याळांचे उदाहरण दिले : साधी घड्याळे सोडून दिली तरी चालेल, एकत्रित किंमत मोठी होणारी उंची घड्याळे लपवता येणार नाहीत. गोव्यातल्या उमेदवारांनाही हाच निकष लागू आहे. त्यांनी दाखल केलेले निवडणूक खर्चाचे हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठेवलेले असतात आणि 1961 च्या निवडणूक नियमांनुसार एक रुपया शुल्क भरून कोणाही व्यक्तीला ते पाहता येतात.