बागेत कुत्री घाण करून जातात? बेळगाव भागात अर्ज कुठं द्यायचा, कोण देऊ शकतं, कागद काय लागतात

टिळकवाडी-हिंदवाडीपासून वडगाव-अनगोळपर्यंत आणि बाहेर हिंडलगा, कंग्राळी, येळ्ळूर कुठंही बघा, घरापुढं चार कुंड्या आणि एखादा वाफा असतोच, आणि वाफा आहे तिथं एकच तक्रार ऐकायला मिळते की रात्री कुत्री येतात, मऊ माती बघून घाण करतात, उकरतात, कोथिंबीर आडवी करून जातात. मग आपण काय करतो, नगरसेवकाला फोन लावतो, गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकतो, दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. फोनची नोंद कुठंच राहत नाही. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की कागदावर अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात तेच मागा जे ऑफिसला कायद्यानं करता येतं. बहुतेक अर्ज "ही कुत्री उचलून लांब नेऊन सोडा" एवढ्याच ओळीवर अडतात, कारण ते त्यांना करताच येत नाही.

का करता येत नाही ते आधी बघू. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी देशभर प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ लागू आहेत, लोक त्याला एबीसी नियम म्हणतात, त्याआधी २००१ चे नियम होते. त्यानुसार कुत्र्याला पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच कायम ठेवलं, फक्त रेबीज झालेलं किंवा अंगावर येणारं कुत्रं परत सोडायचं नाही असं सांगितलं, आणि रस्त्यात कुठंही खायला घालायचं नाही, ठरवून दिलेल्या जागीच घालायचं असंही सांगितलं. पुढं नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणांसाठी वेगळा आदेश आला, तिथली कुत्री उचलून परत तिथं सोडायची नाहीत. तुमची बाग शाळेच्या कंपाउंडला लागून असेल आणि कुत्री तिथूनच येत असतील तर हा मुद्दा अर्जात जरूर घाला. बाकी घरांसाठी मागणी अशी करायची: नसबंदी, लसीकरण, खायला घालायची जागा ठरवणे, आणि कचऱ्याचा ढीग उचलणे. हा ढीग लोक विसरतात, पण कोपऱ्यावर हॉटेलचं उरलेलं अन्न आणि चिकन दुकानाचा कचरा पडत असेल तर कुत्री तिथं खाणार आणि शेजारच्या बागेत येऊन मोकळी होणार, हे सरळ आहे.

अर्ज लिहायच्या आधी कुत्रं कुणाचं ते नीट बघा. गळ्यात पट्टा आहे, ठराविक वेळेला येतंय, ठराविक घरात परत जातंय, तर ते पाळीव. मग आधी त्या घरात जाऊन तोंडी बोला, "काका, जरा बघा की, रोज आमच्या वाफ्यात येतंय" एवढ्यानं पण बऱ्याच वेळा काम होतं, नाही झालं तर अर्जात मालकाच्या घराचा पत्ता द्यायचा. रस्त्यावरचं असेल तर कान बघा, नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटा काप दिलेला असतो. गल्लीतल्या किती कुत्र्यांना काप नाही हे मोजून अर्जात आकडा लिहिला की तो अर्ज वेगळाच दिसतो, कारण ऑफिसला नेमकं काम सापडतं. एक लक्षात ठेवा, सहा महिन्यांखालच्या पिल्लांना नसबंदीसाठी उचलत नाहीत आणि अंगावर पिणारी पिल्लं असलेल्या मादीला पण नाही, त्यामुळं गल्लीत कुत्री नुकतीच व्यायली असेल तर तिच्यासाठी नंतर परत आठवण करून द्यावी लागते.

आता ऑफिस. इथं आपल्याकडं खरा घोळ होतो, कारण एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी ऑफिसं असू शकतात. घरपट्टीची पावती काढून बघा, पावतीवर वर ज्या ऑफिसचं नाव छापलंय तेच तुमचं ऑफिस. बेळगाव शहरातल्या ५८ वॉर्डांसाठी महानगरपालिका, अर्ज आयुक्तांच्या नावानं आणि खाली आरोग्य विभाग असं लिहायचं. कॅम्पमध्ये राहत असाल तर महापालिकेचा संबंध नाही, तिथं कॅन्टोन्मेंट बोर्ड. निपाणी, चिकोडी, खानापूर अशा गावांत तिथली नगरपालिका किंवा पट्टण पंचायत, अर्ज तिथल्या आयुक्ताला किंवा मुख्याधिकाऱ्याला. आणि खेड्यात ग्रामपंचायत, अर्ज पीडीओच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या नावानं.

अर्ज कोण करू शकतं? तिथं राहणारा कुणीही. घर स्वतःच्या नावावर असलंच पाहिजे असं नाही, भाडेकरू पण देऊ शकतो, घरातली कुणीही बाई देऊ शकते. तरी गल्लीतल्या पाच-सहा घरांच्या सह्या घेतल्या तर बरं, कारण एकट्याचा अर्ज शेजाऱ्या-शेजाऱ्यातलं भांडण म्हणून बाजूला पडायची शक्यता असते. फी काही नाही. छापील फॉर्मची वाट बघत बसू नका, साध्या कागदावर चालतं.

कागदांत आधारची झेरॉक्स, घरपट्टीची पावती किंवा हेस्कॉमचं लाईट बिल, भाडेकरू असेल तर भाडेकरार, आणि फोटो. फोटो असा काढा की घाण पण दिसेल आणि तुमचं गेट किंवा भिंत पण, नुसता मातीचा क्लोजअप कुठलाही असू शकतो. आठवडाभर कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत वेळ लिहून ठेवा, पहाटे आली का रात्री, आणि त्या पानाचा फोटो जोडा. कुणाला चावलं असेल तर दवाखान्याचा कागद सगळ्यात वर लावा, त्यानं अर्जाचं वजन पूर्ण बदलतं.

मजकूर लांबवू नका. साधारण असं लिहा:

"मा. आयुक्त साहेब, आम्ही अमुक गल्ली, वॉर्ड नंबर अमुक येथील रहिवासी. आमच्या गल्लीत अंदाजे आठ मोकाट कुत्री असून त्यातील सहांच्या कानाला नसबंदीची खूण नाही. ती रोज घरांच्या आवारात व बागेत घाण करतात, लहान मुलांच्या आरोग्याला धोका आहे. कोपऱ्यावरील कचरा नियमित उचलावा, या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करावे आणि खाणे घालण्याची जागा घरांपासून दूर ठरवून द्यावी, ही विनंती. केलेली कारवाई लेखी कळवावी."

शेवटची ओळ गाळू नका.

भाषेचं काय, हा प्रश्न आपल्याकडं येणारच. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतला अर्ज हा तुमचा हक्क आहे आणि मराठी आहे म्हणून परत करू नये. तरी काम लवकर व्हावं म्हणून मी सांगेन की मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा, गल्लीतला कॉलेजचा एखादा पोरगा सहज लिहून देतो, आणि टेबलावरच्या माणसाला वाचून घ्यायला दुसरं कुणी शोधावं लागत नाही. दोन्हीवर सह्या करा. आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि नंबर घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

ऑनलाईन करायचं असेल तर शहरं आणि नगरपालिकांसाठी जनहित अॅप आहे, आणि राज्य सरकारची जनस्पंदनची १९०२ ही हेल्पलाईन आहे. तक्रार नंबर मिळतो तो पोचवरच लिहून ठेवा.

काम व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत बाग सांभाळायची. गेटाखालची फट आधी बंद करा, कुत्रं वाटतं त्याच्यापेक्षा लहान फटीतून शिरतं. नवीन वाफ्यावर जाळी आडवी अंथरून वर दोन बोटं माती टाका, रोपं वर येतात पण कुत्र्याला उकरता येत नाही. कुंपणाला करवंदासारखं काटेरी काहीतरी लावा. जिथं घाण केली ती जागा लगेच उचलून भरपूर पाण्यानं धुवा, कारण वास राहिला की तिथंच परत येतात, आणि अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका, त्याचा वास लघवीच्या जवळ जातो. निळीच्या पाण्याच्या बाटल्या गेटावर टांगलेल्या घरोघरी दिसतात, पण त्याचा काही उपयोग नाही, त्याच बाटल्यांजवळ कुत्री झोपलेली असतात. विष्ठेत जंतांची अंडी असतात आणि ती मातीत कित्येक महिने टिकतात, म्हणून ती भाजीच्या खतात अजिबात घालू नका, हातमोजे घाला, आणि पावसाळ्यात अनवाणी वाफ्यात जाऊ नका.

विष, काचा, गरम पाणी, मिरचीपूड यातलं काहीही करू नका. मुकं जनावर आहे, त्याला तुमची हद्द कळत नाही. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणं जनावराला मारणं, विष घालणं किंवा लंगडं-निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, शिवाय १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वेगळा.

महिना झाला आणि काहीच हाललं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तर ३० दिवसांत. कर्नाटकात एक अट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, त्यामुळं "माझ्या अमुक नंबरच्या तक्रारीवर काय कारवाई झाली, प्रती द्याव्यात" एवढंच विचारा. वॉर्डात किती नसबंद्या झाल्या ते दुसऱ्या अर्जात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

त्यापुढं वकिलाची गरज वाटली तर कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, तिथं सल्ला आणि वकील मोफत मिळतो. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना तिथं उत्पन्नाची अट नाही, म्हणून घरातल्या बाईच्या नावानं पहिला अर्ज दिलेला असला तर इथं सोपं जातं. जाताना आधार, फोटो आणि शिक्का मारलेली पोच घेऊन जा.