मांजर आणि कुत्रा: दोघंही लपलप पितात, पण सारखं नाही

मांजर पाण्याचा खांब वर खेचतं आणि कुत्रा जिभेची पळी करून पाणी तोंडात टाकतो, असं बरेच जण सांगतात. पहिलं बरोबर आहे, दुसरं निम्मंच.

मुळात ओढून पिणं दोघांनाही जमत नाही. गाय, घोडा, आपण, सगळे ओठ मिटून पाणी आत खेचतो, पण मांजर-कुत्र्याच्या तोंडाची फट पार मागपर्यंत उघडी, गालांनी ती बंदच होत नाही, मग खेचायला गेलं तर हवाच येणार ना. उरली जीभ.

मांजराची जीभ खरखरीत असते म्हणून तिला पाणी चिकटतं असं वाटतं, पण टोक गुळगुळीत असतं आणि पिण्याचं काम तेच करतं. टोक खाली-मागे वळवायचं, जिभेची वरची बाजू पाण्याला नुसती टेकवायची, बुडवायची नाही, आणि झटकन वर. टोकाला चिकटलेलं पाणी जडत्वामुळे मागोमाग वर चढत राहतं, त्याचा बारीक खांब होतो, गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत असतं आणि तो तुटून पडायच्या आत जबडा बंद! सेकंदाला साधारण ४ वेळा, आणि दर वेळी मिळतं किती तर जेमतेम ०.१ मिली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे रोमन स्टॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे हायस्पीड कॅमेऱ्यात पकडलं, मुख्य भूमिकेत होतं स्टॉकर यांच्याच घरचं कट्टा कट्टा नावाचं मांजर.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे की लपलपण्याचा वेग मनाला येईल तसा नसतो. जीभ जितकी मोठी तितका खांब तुटायला वेळ जास्त, त्यामुळे मोठं जनावर सावकाश पितं. हिशोबाने, वाघ मांजराच्या पन्नासपट वजनाचा धरला तर त्याचा वेग साधारण निम्मा यायला हवा, आणि ताडोबातले पाणवठ्यावरचे व्हिडिओ बघा, वाघ खरंच निवांत पितो.

आता कुत्रा. तो जीभ मागे वळवून सरळ पाण्यात खुपसतो, पळीसारखा आकार होतो हे खरंय. पण २०११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात क्रॉम्प्टन या संशोधकांनी एक्स-रे व्हिडिओ काढले तर पळीतलं पाणी बहुतेक सांडूनच जातं असं दिसलं. पोटात जातं ते जिभेच्या दुसऱ्या बाजूला चिकटून वर आलेलं पाणी. २०१५ च्या अभ्यासात तर कुत्राही खांब तुटायच्या बेतात असतानाच तोंड मिटतो हे दिसलं, म्हणजे युक्ती मांजराचीच, फक्त जीभ बुडवून आणि फार जोरात वर खेचून. त्यामुळे एका घोटाला पाणी जास्त येतं आणि उडतंही जास्त. कुत्रा जितका मोठा तितका जिभेचा जास्त भाग पाण्यात जातो, हे घरी लॅब्रॅडॉर असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.