मूळव्याध नाही, मग रक्त जाते कुठून?

साठी ओलांडलेल्या माणसाच्या शौचातून रक्त गेले, तेही पोटात काही न दुखता, की घरातल्या घरात निदान होते मूळव्याधीचे. बऱ्याचदा ते बरोबरही असते. पण उपचार करूनही रक्त अधूनमधून जातच राहिले, किंवा रक्त कधी दिसले नाही तरी हिमोग्लोबिन वर चढेना, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, टाळू नये. पहिली शंका अर्थातच कर्करोगाची घ्यायची. तो नसेल तर आणखी एक संशयित उरतो: अँजिओडिस्प्लेजिया, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या, पातळ भिंतीच्या रक्तवाहिन्या.

अशा वाहिन्यांचे हे लाल डाग बहुधा 5 ते 10 मिलिमीटरांहून मोठे नसतात, अनेकदा एकापेक्षा जास्त असतात आणि मुख्यतः उजव्या बाजूला, सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) आणि त्यापुढच्या चढत्या आतड्यात सापडतात. तिथेच का? न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक स्कॉट बोली यांनी 1977 मध्ये मांडलेले स्पष्टीकरण आजही सर्वाधिक मानले जाते. सीकमचा व्यास मोठ्या आतड्यात सर्वांत जास्त. आतला दाब तेवढाच असला तरी व्यास वाढला की भिंतीवरचा ताण वाढतो. अस्तराखालच्या शिरा स्नायूंच्या थरातून बाहेर पडतात. दर आकुंचनाला त्या थोड्या चेपल्या जातात. धमनीतला दाब जास्त असल्याने रक्त येत राहते, परतीची वाट मात्र अडते. वर्षानुवर्षे असे झाले की आधी शिरा, मग केशवाहिन्या फुगतात आणि शेवटी धमनीतले रक्त थेट शिरेत शिरू लागते.

रक्तस्राव बहुतेक वेळा आपोआप थांबतो, पण पुन्हा होतो. न दिसणारा स्राव जास्त फसवा. निरोगी माणसाच्या 1 मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. रोज 5 मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाभर रक्त गेले, तर अडीच मिलिग्रॅम लोह गेले. आहारातून रोज शोषले जाते जेमतेम 1 ते 2. शौचाचा रंग बदलण्याइतके हे रक्त नसते. त्यात लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होतेच, म्हणून कोलोनोस्कोपीआधी त्या साधारण आठवडाभर बंद ठेवायला सांगतात. पोट नीट साफ झाले नसेल, तर एवढासा डाग मळाखाली सहज लपतो. भूल देताना वापरलेल्या पेथिडीनसारख्या औषधांनी अस्तराचा रक्तपुरवठा घटून तो फिकटही पडू शकतो. स्वच्छ आतड्यात मात्र तो ओळखू येतो: लालभडक, नेच्याच्या पानासारख्या फाटे फुटलेल्या वाहिन्यांचा, कधी भोवती फिकट कडा असलेला.

तपासणीत योगायोगाने दिसलेला, कधीच न वाहिलेला डाग तसाच सोडावा. रक्त जात असेल तर आर्गॉन वायूच्या प्रवाहातून वीज सोडून, अस्तराला न टेकता तो भाजतात. उजव्या बाजूची भिंत इतकी पातळ असते की जास्त वेळ भाजल्यास भोक पडू शकते. म्हणून तिथे शक्ती 30 ते 45 वॉट आणि वायू मिनिटाला 1 लिटर एवढाच ठेवतात. काही डॉक्टर आधी डागाखाली सलाईन टोचून उशी तयार करतात.

भाजूनही रक्त जात राहिले तर स्टेथोस्कोप छातीवर ठेवावा. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांत असा रक्तस्राव दिसतो, हे डॉक्टर एडवर्ड हाइड यांनी 1958 मध्ये एका छोट्या पत्रात नोंदवले होते. कारण पुढे कळले. अरुंद झडपेतून रक्त जोराने घुसताना, रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रँड घटकाचे लांब रेणू ताणले जातात आणि रक्तातले एक विकर (एन्झाइम) ते कापून टाकते. अशा रुग्णांत झडप बदलल्यावर रक्तस्राव अनेकदा थांबतो. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारातही हे डाग जास्त आढळतात.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करू नयेत. हृदयाच्या धमनीत स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) घातलेल्या रुग्णाला ते आतड्यातल्या रक्तस्रावापेक्षा महागात पडू शकते. थांबवायच्या की चालू ठेवायच्या, हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचे.